बायवर सोडलेलं पाणी

आमच्या दवाखान्यात सलाइनला सगळे पाणीच म्हणतात. म्हशीला पाणी लावलंय, कुत्र्याचं पाणी संपत आलंय, पाणी जरा जोरात सोडा. कोल्हापुरात जनावरांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, पण या बोलण्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

एके सकाळी गारगोटीकडच्या एक मावशी दारात उभ्या राहिल्या. घोंगड्यात गुंडाळलेली कुत्री छातीशी धरलेली. रानडुकरानं तिच्या पोटात धडक मारली होती. वडापच्या जीपवाल्याशी भांडून, तिला मांडीवर घेऊन त्या आल्या होत्या. मालक गेलेले, लेकी आपापल्या घरी, मावशी रानातल्या घरात एकट्या. "बायबिगर बोलायला मला दुसरं कोण न्हाय बघा," म्हणाल्या. कुत्रीला त्या बायच म्हणत.

हिरडी बघितली, पांढरीफटक. पोटात सुई घातली तर रक्त. आतली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. पोट उघडल्याशिवाय इलाज नव्हता, आणि इतकं रक्त गेल्यावर तिला भूल सोसेल याची खात्री नव्हती. मी तसं सरळ सांगितलं. "करा," एवढंच म्हणून मावशी बाहेर बाकावर बसल्या. मी घरून माझा धटिंगण कुत्रा आणवला आणि त्याच्या रक्ताची एक पिशवी तयार ठेवली.

भूल दिलेलं कुत्रं बिचारं काय सांगणार? सगळं आपणच ओळखायचं. हिरडीवर बोट दाबून सोडायचं आणि लाली किती चटकन परत येते ते बघायचं. भिजलेले बोळे फेकायचे नाहीत, त्यांचं वजन करायचं, म्हणजे किती रक्त गेलं याचा अंदाज येतो. पाणी कमी पडलं तर हृदय कोरड्या विहिरीवरच्या मोटारीसारखं नुसतंच पळतं. जास्त झालं तर फुप्फुसात साचतं. भूल सांभाळणारे माझे सहकारी डॉक्टर हे सगळं थंड डोक्यानं करतात. मला थंड डोकं देवानं दिलेलंच नाही.

पोट उघडलं आणि रक्तदाब धाडकन खाली आला.

"अहो, बघताय काय? पाणी सोडा! सोडा पाणी!" मी ओरडले. माझा आवाज म्हणजे रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला जाणारा.

बाहेर हंबरडा फुटला.

मला आधी संतापच आला. "कोण रडतंय ते? गप्प करा आधी!"

"मावशी आहेत," सहकारी सलाइनची पिशवी दाबत म्हणाले. "मॅडम, तुम्ही पाणी सोडा म्हणालात."

मग माझी ट्यूब पेटली. अरे देवा! मावशींना वाटलं, डॉक्टरीणबाईंनी बायवर पाणी सोडलं. आशाच सोडली. माझे दोन्ही हात बायच्या पोटात, बाहेर जाता येईना. जीव नुसता कळवळला.

"मावशी!" मी आतूनच हाक दिली. "बाय जित्ती हाय! पाणी म्हंजे सलाईन ओ, सलाईन!"

रडणं थांबलं. मी शीर बांधली, पाणथरी काढली. पाण्यानं दाब सावरला, पण नुसत्या पाण्यानं रक्त पातळच होत जातं, म्हणून माझ्या धटिंगणाचं रक्त चढवलं. हिरडीवर किंचित लाली आली, तसं पोट शिवून तिला बाहेर आणलं.

आता वाट होती ती लघवीची. आत रक्त नीट पोचलं तर मूत्रपिंडं चालणार. नाहीतर सगळंच मुसळ केरात. मावशी फरशीवर बसल्या, बायला मांडीवर घेऊन. म्हशीच्या, शेजारणीच्या, काय वाटेल त्या गोष्टी तिला सांगत राहिल्या. दुपार कलली तरी काही नाही. मी उगाच सगळ्यांवर खेकसत होते.

"आगं बाय, लुगडं भिजीवलंस की!" मावशी एकदम म्हणाल्या आणि ओशाळल्या. "म्याडम, रागावू नगा. फरशी पुसतो मी."

"पुसू नका, मावशी! हेच बघायला बसलेय मी!" म्हणत मी तिथंच ओल्यात बसले आणि मला रडूच फुटलं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं, आणि माझ्या पाठीत एक जोरदार थाप घातली.

"मगाशी तुमी बायवर पाणी सोडलासा म्हणून मी रडलो. आन् आता बायनं माझ्यावर पाणी सोडलं म्हणून तुमी रडताय व्हय!"