थांबलेलं वजा धर

आमचे भावोजी शर्यतीत पहिले धावत असले की हमखास हरायचे. गर्दीत, मागेबिगे असले तर जिंकण्याची थोडी तरी आशा असायची. गर्दीत त्यांना कोणी ओळखत नसे. एकटे पुढे आले, की रस्त्याकडेचा प्रत्येक माणूस हटकायचा, आणि कोणी हटकल्यावर तसंच पुढे जाणं भावोजींना जन्मात जमलं नाही. बरं, नुसतं उत्तर देऊन भागत नसे. उलट विचारपूस करावी लागे. समोरच्याच्या म्हशीपर्यंत चौकशी पोचली की मग पुन्हा धाव सुरू.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. देवरूखच्या बाजूचे, डोंगरातल्या एका वाडीतले. शाळा लांब आणि वाट सगळी चढाची, त्यामुळे पाय लहानपणीच तयार झालेले. पुढे एका शाळेत क्लार्क म्हणून लागले, तरी सकाळचं धावणं चुकलं नाही. तरुणपणी कुठल्याशा प्रशिक्षकाने त्यांना घाट चढताना पाहिलं आणि म्हणाला, "हा पोरगा देशासाठी धावेल." पोरगा धावलाही असता, पण वाटेत देशबांधव फार भेटले.

त्या काळातली एक शर्यत ते स्वतःच रंगवून सांगत. भावोजी सगळ्यांच्या पुढे. वाटेत एक म्हातारी लाकडांचा भारा घेऊन उभी. भारा एकटीने डोक्यावर चढत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो. ती म्हणाली, "बाला, जरा हात लाव रे." त्यांनी लावला. तिच्या मागे आणखी तिघी होत्या. त्यांनाही लावला. चार बाया, चार भारे, आणि भावोजींचा नंबर पाचवा. "पण तू थांबलेलं वजा धर," ते मला म्हणायचे, "मग बघ मी कितवा येतो!"

हे त्यांचं पालुपद होतं. मी त्यांचा मेहुणा आणि अधिकृत वेळाधिकारी. स्कूटर, गळ्यात स्टॉपवॉच, खिशात वही. प्रत्येक शर्यतीनंतर घाम पुसायच्या आधी ते विचारत, "वजा धरलंस ना?" माझ्या वहीतल्या वेळा पाहिल्या तर भावोजी अनेकदा पहिले आलेले आहेत. फक्त ते वहीबाहेर कोणाला मान्य नव्हतं.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जावई पळतो हे कळत होतं. का पळतो हे कळत नव्हतं. त्याला कारण भावोजी ताईला बघायला आले तो दिवस. आमचं घर रत्नागिरीहून मालगुंडकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर, अगदी रस्त्याला लागून. रत्नागिरीत भावोजींची एसटी चुकली. बघायला येणारा मुलगा उशिरा कसा जाणार, म्हणून ते पळत सुटले आणि घामाने निथळत आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हजर झाले. मध्यस्थ काका मागच्या एसटीने नंतर आले. "यष्टी चुकली काय?" आबांनी विचारलं. "हो," भावोजी म्हणाले. लग्न ठरलं, पण आबांच्या डोक्यात ते कायमचं बसलं. पुढे कधीही जावई धावताना दिसला, की आबा हळहळत, "परत चुकली वाट्टं."

ताईच्या घरी एक काचेचं कपाट आहे. त्यात 'सहभागाबद्दल' मिळालेल्या पदकांची एक रांग, आणि मधोमध पहिल्या नंबरच्या ट्रॉफीसाठी राखून ठेवलेली जागा. तिथे ताईने तात्पुरती प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. ती तात्पुरती फुलदाणी माझी भाची दहावीला गेली तरी तिथेच होती. भावोजींचा उजवा गुडघा तोवर कुरकुरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, अजून फार तर दोन-तीन वर्षं. तेव्हा भावोजी मला पहिल्यांदाच न हसता म्हणाले, "एकदा तरी पहिला यायचंय रे. एकदाच. मग सोडतो." त्या दिवसापासून ती ट्रॉफी माझीही झाली.

नेमकी त्याच वर्षापासून आमच्या किनाऱ्याच्या रस्त्याने एकवीस किलोमीटरची शर्यत सुरू झाली. सतरा किलोमीटर झाले की आमचं घर. म्हणजे भावोजींची सासुरवाडी. आणि भावोजी हाफ पँटीत.

आता आबांसमोर हाफ पँटीत कसं जायचं? त्यांनी उपाय काढला. एक फुल पँट कमरेला बांधून धावले. सतराव्या किलोमीटरला ते पहिले होते, मागचा माणूस वळणापलीकडे. आमच्या वाडीची हद्द लागली तसे ते माडाच्या आडोशाला गेले, पँट चढवली, बटण लावलं आणि भरभर चालू लागले. सासुरवाडीत पळणं बरं दिसत नाही म्हणून.

खळ्यात आबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. "या, जावयबापू." संपलं. पाय धुतले. पाणी झालं. आईने घावन वाढलं. एकच वाढू नये म्हणून दुसरं वाढलं. मी रस्त्यावरून स्कूटरचा हॉर्न वाजवतोय, हातवारे करतोय, आणि आबा मला म्हणतायत, "बोंबलतोस कशाला? तूपण ये घावनं खायला!" खळ्यासमोरून एकेक गडी धावत पुढे जात होता, आणि भावोजी तोंडात घास घेऊन प्रत्येकाला मान हलवून नमस्कार करत होते. बाविसावे आले.

त्या संध्याकाळी मी आबांवर भडकलो. ट्रॉफी, फुलदाणी, गुडघा, सगळं सांगितलं. आबा खजील झाले. "मला काय ठावं? मागून एवढी मानसं धावत येत होती. म्हटलं, जावयाच्या मागं लागलीत. घरात घेतलेला बरा."

पुढच्या वर्षी आबांनी चूक सुधारायची ठरवली. जावयाला बघून बोलावलं नाही तर अपमान, आणि बोलावलं तर शर्यत गेली. म्हणून त्याला दिसायचंच नाही. शर्यतीच्या सकाळी त्यांनी पुढचं दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या, कुत्रा मागे बांधला. शेजारच्या चार घरांनाही दम भरला, "कोनी भाएर यायचा नाय!" मी रस्त्यावर स्टॉपवॉच घेऊन खूश होतो. भावोजी वळणावर दिसले. पहिले! मागे कोणीच नाही. घरापाशी आले, दाराकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

आमच्याकडे दिवसाउजेडी पुढचं दार कधी बंद नसतं. बंद असलं तर घरात काहीतरी वाईट झालेलं असतं. हे आबांच्या लक्षात आलं नाही, आणि शपथेवर सांगतो, माझ्याही नाही.

"आबा! ओ आबा!" भावोजी दारावर थापा मारू लागले.

"भावोजी, सगळे बरे आहेत, पळा तुम्ही!" मी ओरडलो.

"मग दार का लावलंय?"

आतून आईला राहवलं नाही. "बरी आहोत हो सगळी! तुमी पला!"

"आबांचा आवाज ऐकू दे आधी."

आबा गप्प. एक शब्द बोलले तर 'या' म्हणावं लागणार. शेवटी तोड म्हणून ते खोकले. खोकला आबांचाच होता, पण भावोजींना तो बरा वाटला नाही. ते घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले आणि आबांच्या छातीला कान लावून बसले. या घाईत पँट चढवायची राहिली. एवढ्या वर्षांत आबांनी जावयाचे गुडघे पहिल्यांदा पाहिले. "ह्यो सुजलाय की," ते म्हणाले, आणि कोमट खोबरेल मागवलं. मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो. भावोजी एकोणतिसावे आले. पोटरीवरून तेल ओघळत होतं.

"वजा धरलंस ना?" त्यांनी विचारलं.

"धरलं," मी म्हणालो. "वजा धरून तुम्ही पहिले."

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले. दोन दिवसांचा ताप, बस. भावोजी रात्रंदिवस उशाशी होते.

हिवाळ्यात शर्यत आली. ही शेवटची, हे गुडघ्यानेच ठरवलं होतं. पंधराव्या किलोमीटरला भावोजी पहिले होते, सोळाव्यालाही. मी स्कूटरवरून बाजूने चाललो होतो आणि मनात म्हणत होतो, आज अडवायला कोणी नाही. आईला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, दार उघडं ठेव आणि तू स्वयंपाकघरात बस.

वाडीची हद्द आली. भावोजींचा वेग कमी झाला. ते माडाच्या आडोशाला गेले आणि कमरेची पँट सोडू लागले.

"भावोजी, आता कशाला?" मी स्कूटर थांबवली. "आबा नाहीत आता!"

"फोटो समोरच लावलाय ना रे," ते म्हणाले आणि बटण लावलं.

खळ्यात कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःच तांब्या घेतला, पाय धुतले, ओटीवर जाऊन आबांच्या फोटोखाली टेकले. आई आतून आली आणि काही न विचारता घावन ठेवून गेली. मग दुसरं ठेवलं. रस्त्यावरून एकेक गडी पुढे चालला होता. मी या वेळी हॉर्न वाजवला नाही.

शेवटच्या रेषेशी त्यांची वाट बघत ताई उभी होती. ते पोचले तेव्हा मांडव सोडायला लागले होते. नंबर विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. मी वही काढली, नेहमीसारखं लिहायला लागलो. "दीड तास वजा धरतो."

भावोजींनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"आजचं वजा नको धरू," ते म्हणाले. "आजचं मोज."