ब्लॉककाकांचा प्रश्न

ब्लॉककाका टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हाताने चेंडू झेलायच्या फुटबॉलचा, सामना बघताना चेंडूकडे चुकूनही बघत नसत. लंडनमध्ये, म्हणजे आमच्या ऑन्टॅरिओतल्या लंडनमध्ये, त्यांच्या बेसमेंटला दर रविवारी मराठी मंडळींचा अड्डा जमे. कुणी उडी मारून पास झेलला की आम्ही हातातला बटाटेवडा विसरून ओरडायचो. काका मात्र रिमोटने चित्र मागे नेत आणि भलत्याच कोपऱ्यातल्या एखाद्या धिप्पाड गड्याच्या पायांकडे बोट दाखवत.

त्यांचा सगळा जीव 'टाइट एंड' या जागेवर. या खेळाडूने पासही झेलायचा आणि चेंडू दुसऱ्याकडे असेल तेव्हा समोरच्याला अंगाने अडवायचं, म्हणजे ब्लॉक करायचं. झेल घेण्यात नाव कमावलेले बहुतेक जण अडवताना अंग चोरतात, असं काकांचं ठाम मत; म्हणूनच ते आमचे ब्लॉककाका. "धडक सगळेच देतात हो," ते म्हणत. "धडकेनंतर पाय चालतात का ते बघा." हीच फूटपट्टी ते गणेशोत्सवातही लावत. आरतीला पुढे कोण होतं यापेक्षा शेवटी खुर्च्या कोण आवरतं, यावर त्यांची नजर. मी तर धास्तीने हॉल रिकामा होईपर्यंत थांबायचो.

त्यांचा मुलगा निखिल सीमेपलीकडे अमेरिकेतल्या एका कॉलेजात टाइट एंड होता, पास झेलण्यात पटाईत. नाताळच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा काकांनी त्याच्या सामन्याची टेप लावली आणि आम्हा सगळ्यांसमोर मध्येच थांबवली. "हा बघा. समोरच्याला नुसता हात लावला आणि सोडून दिला. माझा मुलगा कामचुकार आहे."

काकू ट्रे घेऊन जिन्यातच थबकल्या. निखिलचे कान लाल झाले.

"बाबा, आय वॉज टोल्ड टू लेट हिम गो," तो हळूच म्हणाला. "त्याला सोडायला कोचनेच सांगितलं होतं. पुढची टेप बघा ना."

काकांनी टेप पुढे नेली. निखिलने सोडलेला माणूस चेंडू फेकणाऱ्याकडे बेभान धावत सुटला, आणि त्याच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत निखिलच्या जोडीदाराला अलगद पास मिळाला. त्याला सोडायचं, हाच तर डाव होता. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हाला बघायला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा मुलगा दिसला नव्हता. "निखिल, माझं चुकलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकण्याचाच आम्हाला जास्त धक्का बसला.

त्यानंतर कुणी कुणाला नावं ठेवली की काका एकच विचारत, "त्याला काय सांगितलं होतं, ते माहीत आहे का तुम्हाला?" कुणाची सून नोकरी सोडो, कुणाचा मुलगा लग्नाला नाही म्हणो, प्रश्न तोच. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा कंटाळा येई.

काही वर्षांनी काकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते शुद्धीवर येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी निखिलने श्वासाचं यंत्र काढायला होकार दिला. वेटिंग रूममध्ये आम्ही सुन्न झालो. "इतक्या लवकर? पोराने बापाला असं सोडलं?" कुणीतरी कुजबुजलं. माझ्याही मनात तेच होतं. मी पार हादरलो होतो, आणि मला त्याचा रागही आला होता.

भिंतीला टेकून बसलेल्या काकूंनी मान वर केली.

"यांनी त्याला काय सांगितलं होतं, ते माहीत आहे का तुम्हाला?"

मी उठून आत गेलो. निखिल बापाचा हात धरून उभा होता. त्याने पाय घट्ट रोवले होते, आणि तो जागचा हलला नाही.