डाव्या बाजूची सीट

उस्मानपुऱ्यातल्या गल्लीतून जाताना वेल्डिंगचा जळका वास आला, की मला माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं काम चाललेलं ते गॅरेज आठवतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात बसवत नव्हतं, म्हणून मी त्या हलक्या, छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायला काढलं. मिस्त्री माझ्याच वयाचे, मराठीत हिंदी मिसळून बोलणारे. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. इंजिन बसलं होतं, पण त्याचा गिअरबॉक्स एवढा रुंद होता की तो डाव्या सीटच्या जागेत शिरत होता. "साहेब, बाजूला कोन बसतं?" त्यांनी विचारलं. "कोणी नाय," मी म्हणालो. "तो फिर सीट काढून टाकू?" मी लगेच हो म्हणालो. पंधरा दिवसांनी गाडी तयार झाली आणि मी ती वैजापूरच्या रस्त्याला अशी पळवली, की कानात वाऱ्याशिवाय काही उरलं नाही. परत आलो तर मिस्त्री फडक्याला हात पुसत पुढं आले. "लई पळते ना? मला बी एक चक्कर मारा की!" म्हणत त्यांनी हौसेनं डावं दार उघडलं आणि तिथंच थबकले. आत सीटच्या जागी त्यांनीच ठोकलेला नुसता पत्रा होता. मी उतरलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. ते एकटेच गेले. इंजिनाचा आवाज लांब लांब जाईपर्यंत मी गॅरेजच्या दारात उभा होतो. मी इतक्या पटकन हो कसं म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.