भिंतीकडे तोंड करून

केशोरी गावी माझ्या बहिणीच्या लग्नात तो सनईवाला भेटला. वाळलेला म्हातारा, दोन दात शिल्लक. नाव विचारायचं राहूनच गेलं. दिवसभर वऱ्हाडासमोर मान डोलवत वाजवत होता. बिदाईची वेळ झाली तसा मात्र उठला आणि छपरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रागच आला. बहीण निघालीय आणि हा पाठ फिरवतो! पण त्यानं असा सूर धरला की आचारीसुद्धा झारा ठेवून डोळे पुसू लागला.

गाडी गेल्यावर मी त्याला चहा नेऊन दिला.

"काकाजी, भिंतीकडं तोंड काऊन केलं जी?"

"पोरीकडं पाहिलो का रडू येते, बाबू. रडत्या मानसाचा दम तुटते, मंग सनई वाजत नाही."

सनईची पत्ती काढून तो फडक्यात गुंडाळू लागला. मग न विचारताच म्हणाला, "माह्या पोरीच्या लग्नातबी मीच वाजवलो. असाच. महिनाभरात ती तिकडंच तापानं गेली."

चहा तसाच निवत होता.

"जातानाचं तिचं तोंड आठवाले बसतो, तं भिंतच दिसते."