जादूगाराची तीन पानं

भूकंपानंतर लातूरच्या आमच्या घरमालकांनी स्लॅबचा धसकाच घेतला होता. शिकवणीच्या पोरांसाठी त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत मी, हदगावचा, आणि माझा पार्टनर, उदगीरचा. शिकवणीत मार्कांवर बॅच पडायच्या; तो पहिल्या बॅचला, मी तिसऱ्या. दर रविवारी चाचणी व्हायची आणि दर रविवारी मी जळायचो.

चाचणीनंतर मात्र माझं राज्य. मालकांचा मुलगा हैदराबादहून एक खेळ शिकून आला होता. हे दादा गोष्ट सांगायचे, आम्ही त्यातली पात्रं व्हायचो आणि फासे टाकून लढायचो. मी योद्धा, पार्टनर जादूगार. जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. तो संपला की बिचारा माझ्या आडोशाला. "तू हाईस म्हणून वाचलो गड्या," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मग दादांच्या मित्रानं खेळाच्या नव्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक आणलं. ते संध्याकाळीच परत द्यायचं होतं, म्हणून मला झेरॉक्सला पिटाळलं. दुकानात उभ्या उभ्या चाळलं तर काय, राक्षस दुप्पट दणकट आणि जादूगाराला मंत्रच मंत्र! योद्ध्याला मात्र चार-दोन नवे डावपेच. माझं डोकंच फिरलं. पहिली बॅच याला, आता हेही यालाच? जादूगाराची तीन पानं मी झेरॉक्सच केली नाहीत.

"जादूगाराचं काय रे?" दादांनी विचारलं.

"जुनंच हाय, काई बदललं न्हाई," मी ठोकून दिलं.

राक्षस नवे, जादूगार जुना. दुसऱ्याच रविवारी पार्टनरचा जादूगार एका फटक्यात मेला. मी मधे पडेपर्यंत खेळ खल्लास. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण थोडंच.

पार्टनर रुसला नाही. ती झेरॉक्स घेऊन बसला, गणितं सोडवावीत तसे योद्ध्याचे सगळे नियम उलगडले आणि नवा योद्धा उभा केला. माझा आपला जुन्याच डावपेचांवर चाललेला. योद्ध्याची पानं माझ्याकडंही होती. मी फक्त जादूगाराचीच नीट वाचली होती.

पुढच्या रविवारी माझा योद्धा पहिल्याच झटापटीत आडवा झाला. पार्टनरच्या योद्ध्यानं राक्षस एकट्यानं लोळवला आणि मला ओढून बाहेर काढलं.

"लढायचं कसं, ते तुझ्याकडं बघून शिकलो," तो मनापासून म्हणाला.

तो पहिल्या बॅचला गेला तेव्हाही मला त्याचा इतका राग आला नव्हता.