पहाटेच्या सरावाची सूचना

बबन म्हात्रे दुसऱ्या चाचणीतही चुकला. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात मी तेव्हा ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर होतो. रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायने शिजवण्याचे मोठे बंद भांडे, प्रमाणाबाहेर तापल्यास सहा व्हॉल्व्ह ठरावीक क्रमाने फिरवावे लागत. बबनला क्रम तोंडपाठ होता. हात मात्र तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी अडखळत.

प्लांट मॅनेजर साठे यांनी शुक्रवारी शेवटची चाचणी ठरवली. तीत नापास झाला, तर ऑपरेटरची जागा जाणार आणि बबन पुन्हा ड्रम भरायला.

सराव कसा करतोस, असे मी त्याला विचारले.

"तुमच्या कागदावर लिवलंय तसाच, सर. अकराला झोपतो, चारला उठतो. भिंतीवर खडूनं व्हॉल्व्ह काढलेत. बायको म्हणते, आता भिंतीलाच नोकरी लागंल."

मी स्वतः पहाटेच्या पाठांतरावर वाढलेला. त्यामुळे 'पहाटे उठून सराव करावा' ही सूचना प्रत्येक ट्रेनीच्या कागदावर असे.

कंपनीचे सिंधी डॉक्टर उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आठवड्यातून दोनदा येत. त्यांना मी बबनची अडचण सांगितली. त्यांनी समजावले, की झोप रात्रभर एकसारखी नसते. पूर्वार्धात गाढ झोप जास्त. तीत नावे, क्रम अशी माहिती पक्की होते. उत्तरार्धात स्वप्नांची झोप वाढते. हातांनी शिकलेले कसब तेव्हा मुरते, असे मानतात.

"मास्तर, दिवसा शिकवता तुम्ही," ते म्हणाले, "और सुबह चार बजे उठवून ते पुसून टाकता पण तुम्हीच."

मी साठे यांना सांगितले, की बबनचा पहाटेचा सराव बंद करतो.

"नापास माणसाला झोपायला सांगता?"

"चार दिवस. सराव संध्याकाळी करील."

"शुक्रवार बदलणार नाही."

शुक्रवारी साठे हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. तिसऱ्या व्हॉल्व्हवर बबनचा हात थांबला नाही. सहाही व्हॉल्व्ह क्रमाने फिरले. साठे यांनी कागदावर 'पास' लिहिले.

झोप झाली का, असे मी बबनला विचारले.

"सहाला बायको हलवायला आली. तिला बोललो, थांब, कंपनीचं काम चाललंय."

एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही. दोन चाचण्यांच्या अनुभवाचाही त्याला उपयोग झाला असेल. तरीही ती सूचना मी त्याच दिवशी खोडली.

बबनच्या आधी दोघेजण नापास होऊन ड्रमवर परत गेले होते. ते किती वाजता उठत, हे मी कधी विचारलेच नव्हते.