झाडलेली वाट

आधीच सांगते, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. अमावास्येला मी मुद्दाम नखं कापते. आमच्या गल्लीत एकाने लिंबं उतरवून ताप घालवण्याचं दुकान मांडलं, तेव्हा त्याच्याविरुद्धचं हँडबिल मीच लिहिलं, छापून आणलं आणि त्याच्याच दारावर चिकटवलं. तेव्हा हे लिहिताना मला काही आनंद होत नाहीये... पण घडलं ते घडलं. ते लपवणं म्हणजे त्या लिंबूवाल्यासारखंच खोटं वागणं.

मी बंगळूरला राजाजीनगरात राहते, नव्या एक्स्टेन्शनमध्ये. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आई रागावते मराठीत आणि लाड करते कानडीत. आठवड्याचे सहा दिवस मी एका ऑफिसात टाइप करते आणि रविवारी सायकल चालवते. आम्ही तेरा जण आहोत. क्लबला नाव नाही, बिल्ला नाही — बिल्ला एकच, सायकल-टॅक्सचा. मागणीही एकच: लॉऱ्यांची धूळ न खाता शहरातून डोंगरापर्यंत जाता येईल अशी एक वाट.

आणि ती वाट आम्ही शोधून काढली! होय, हे मी छाती पुढे काढूनच सांगते. दोन वर्षं रविवार-रविवार खेड्यांतल्या बायाबापड्यांना "तुम्ही बाजाराला कुठून जाता?" एवढंच विचारत हिंडलो. हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावरून निघायचं, चिंचेच्या बनातून, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून, तळ्यामागून तळी ओलांडत थेट नंदीच्या बाजूच्या टेकड्यांपर्यंत. डांबरी रस्ता दोनदा फक्त ओलांडायचा. मोटारवाल्यांसाठी मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे रोवायला पैसे आहेत, पण आम्ही वळणावर एक लाकडी पाटी मागितली तर सरकारी कचेरीतून उत्तर आलं, "अशी वाट अस्तित्वात असल्याचे दिसत नाही."

सगळी वाट अडत होती एका खिंडीपाशी. गावाचं नाव देत नाही. दिलं की बघे मोटारी घेऊन जातील. खिंड अर्ध्या मैलाची. अलीकडच्या टोकाला गाव, पलीकडच्या टोकाला पडका दगडी मंडप, आणि मध्ये चढाच्या माथ्यावर होरेगल्लु — दोन उभ्या दगडांवर डोक्याइतक्या उंचीवर ठेवलेली एक आडवी शिळा. डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्याने कुणाची मदत न मागता ते तिच्यावर सरकवावं, दम घ्यावा, पुन्हा डोक्यावर घ्यावं, यासाठी ती.

या टेकडीवर एका खडीच्या कंत्राटदाराचा डोळा. त्याने अर्ज केला होता की ही वाट कुणी वापरत नाही. ती नोंदीतून काढावी आणि टेकडी खाणीला द्यावी. वाट गेली की आमचा मार्ग मधोमध तुटणार, आणि गावच्या बायका ओझी घेऊन डांबरी रस्त्याने लॉऱ्यांच्या कडेकडेने चालणार. मी अर्जावर अर्ज टाकले. शेवटी एक अधिकारी स्वतः पाहायला यायला तयार झाले — सोमवारी सकाळी. आम्ही सगळ्यांनी रजा टाकली.

रविवारी दुपारी मी आणि विठ्ठलअण्णा पुढे गेलो. विठ्ठलअण्णा म्हणजे माझा मामेभाऊ. शिवाजीनगरात त्याचं सायकल-दुरुस्तीचं दुकान आहे. बाकीचे अकरा जण सोमवारी पहाटे निघून येणार होते. आमच्यात एक रीत आहे: मोठ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी पुढे जाऊन बाभळीच्या पट्ट्यातले काटे झाडायचे, नाहीतर पंक्चरं काढण्यातच दिवस जातो. आम्ही करंजाच्या फांद्या तोडल्या आणि गावापासून मंडपापर्यंत सगळी खिंड झाडून काढली. तांबडी माती, तिच्यावर फांदीच्या बारीक रेघा. अंगणासारखी दिसायला लागली. मी कमरेवर हात ठेवून स्वतःच्या कामाकडे पाहत उभी होते.

एवढ्यात मुनियम्मा शेळ्या घेऊन आली. गावातलं पहिलं घर तिचं. मी तिच्याच ओट्यावर झोपणार होते.

"हे काय केलंस गं?"

"काटे काढले, अक्का."

"काटे काढलेस, सरी, बरं केलंस. आणि पावलं?"

मला कळेना.

"उद्या तो साहेब काय बघायला येतोय? माणसं चालतात का, तेच ना? शुक्रवारी संतेला, बाजाराला, आम्ही सगळ्या गेलो-आलो, त्याच्या खुणा होत्या. गाड्यांच्या होत्या. सगळं पुसलंस की."

दोन वर्षांची मेहनत मी स्वतःच्या हाताने झाडून टाकली होती. जवळजवळ सगळं गाव जत्रेला गेलेलं, ते मंगळवारी परतणार. साक्षीला चार म्हाताऱ्या आणि मुनियम्मा.

विठ्ठलअण्णा म्हणाला, "एवढं काय त्यात? पहाटे आपण दोघं, ही अक्का आणि त्या म्हाताऱ्या, चार-चार फेऱ्या मारू. स्वल्प पाय आपटून चालायचं."

"नाही."

"का नाही?"

"खोटा पुरावा होईल तो."

"अगं, वाट खरी आहे ना? मग पावलं खोटी कशी?"

"आजवर एका हँडबिलात मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, अण्णा. उद्या साहेबांना सांगीन की चूक माझी आहे."

"सांग की. तो टाळी वाजवेल आणि टेकडी खाणीला देईल." तो फणकाऱ्याने मंडपात झोपायला गेला. झाडलेली वाट गुरांनी घाण करू नये म्हणून त्याने दोन्ही सायकली खिंडीच्या तोंडाशी आडव्या टाकल्या आणि त्यांना लागूनच अंथरूण घातलं. मी अलीकडच्या टोकाला मुनियम्माच्या ओट्यावर. मध्ये अर्धा मैल झाडलेली माती. दोन्ही बाजूंना सरळ कडे, शेळीसुद्धा उतरत नाही.

उजाडता उजाडता उठले आणि वाटेकडे पाहिलं.

पावलंच पावलं.

अनवाणी पावलं. फांदीच्या रेघांवर स्वच्छ उमटलेली. चढावर बोटं खोल रुतलेली, जशी डोक्यावर ओझं असलं की रुततात. सगळी एकाच दिशेने. मी कडेकडेने चालत होरेगल्लुपाशी गेले. तिथे शिळेसमोर दोन-दोन पावलं जोडून, जागोजाग... उभं राहून ओझं सरकवताना माणूस पाय जुळवतो तशी. पलीकडे उतारावर पुन्हा एकेरी, आणि ती सरळ मंडपापर्यंत. विठ्ठलअण्णाच्या अंथरुणापासून हातभर अलीकडे संपलेली.

तो घोरत होता. मी त्याला हलवलं.

"कोण कोण गेलं इथून?"

"कोण जाणार? माझ्या डोक्यावरून?" मग त्याने उठून वाटेकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "तूच नाही ना गं केलंस?"

मी चपला काढून त्याच्यासमोर मातीत पाय ठेवला. तिथलं सगळ्यात लहान पाऊलसुद्धा माझ्याहून रुंद होतं.

साहेब नऊ वाजता आले. जीप खाली ठेवून चालत वर आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पावलं पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वापर तर चांगलाच दिसतो." त्यांच्याबरोबर आलेल्या मुनशीने कागद पुढे केला: सदर पावले गावकऱ्यांची असल्याचे अर्जदार सांगतात, इथे सही.

विठ्ठलअण्णाने माझ्या कोपराला धक्का दिला. "कर की सही. कुणाची का असेनात."

मी सही केली नाही. काल आम्ही वाट झाडली, दोन्ही तोंडांना आम्ही झोपलो होतो, रात्रीत कुणी गेलेलं आम्हाला ठाऊक नाही, ही पावलं कुणाची हे मी सांगू शकत नाही — सगळं सांगितलं. विठ्ठलअण्णाने डोळे मिटून घेतले. साहेब माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू आता माझा ताप मोजायचा आहे.

मुनियम्मा मात्र मातीवर वाकली होती. डाव्या कडेने गेलेल्या एका पावलापाशी ती बसली. त्या पावलाला चार बोटं होती. मीही पाहिली, मोजली.

"कुणाची आहेत?" साहेबांनी तिला विचारलं.

"आमचीच."

"आमची म्हणजे? कुणाचं नाव?"

"नाव सांगितलं की तुम्ही लिहिणार, मग सही मागणार. तिला सही येत नाही." मग पावलाकडे बघूनच पुटपुटली, "कडेने चालू नको, काटे असतात, म्हणून जन्मभर सांगितलं. ऐकेल तर सासू कसली."

तिची सासू मी या वाटेवर येण्याच्या कितीतरी आधी वारलेली.

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, मुनशीच्या हातातून पेन घेतलं. खाली आमचे अकरा जण घंटा वाजवत चढ चढत होते. आवाज जवळ येईपर्यंत साहेबांनी काही लिहिलं नाही.

मी स्पष्टीकरणं शोधली नाहीत असं नाही. वारा? वारा बोटं उमटवत नाही. गावकऱ्यांची चलाखी? जत्रेहून परतल्यावर एकेकाला गाठून विचारलं. त्यांनीच मला उलट विचारलं, तू जेवलीस का नीट. विठ्ठलअण्णा म्हणतो विषय नको. मुनियम्मा म्हणते यात विचारण्यासारखं काय आहे? मला आजही यातलं काही पटत नाही आणि काही खोडताही येत नाही.

खाणीचा अर्ज फेटाळला गेला. खिंड आहे, मार्ग आहे, आम्ही दर रविवारी तिथून जातो. एका पोरीने खरं बोलून ही वाट राखली असं मी अभिमानाने म्हणते, पण एकटीने राखली असं म्हणायला जीभ रेटत नाही. निकालाची प्रत माझ्याकडे आहे. साहेबांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत:

"वाट वापरात आहे. वापरणाऱ्यांची नावे मिळू शकली नाहीत."